उंबऱ्याबाहेरची भाकरी

शाळेत असताना मी मुलांना एक प्रश्न हमखास विचारायची. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत कोण गेलं? सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "कुत्रा!" मग मी विचारायची, आणि महाभारताच्या सुरुवातीला कोण आहे? इथे मात्र वर्ग चिडीचूप.

सुरुवातीलाही कुत्राच आहे, मंडळी! खरं तर कुत्र्याचं पिल्लू. आदिपर्वात, कौरव-पांडवांची कथा नीट सुरूही व्हायच्या आधी, जनमेजय राजा भावांसह कुरुक्षेत्रावर यज्ञ करत बसलेला असतो. तिथे सरमा नावाच्या देवांच्या कुत्रीचं पिल्लू येतं. राजाचे भाऊ त्याला मारून हाकलतात. ते रडत आईकडे जातं. आई आधी त्यालाच धारेवर धरते, तूच काहीतरी आगळीक केली असशील म्हणून. (जगातली कुठलीही आई आधी हेच म्हणते!) पिल्लू सांगतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंसुद्धा नाही, चाटायचं तर लांबच. मग सरमा उठून यज्ञमंडपात जाते आणि जाब विचारते. कुणीच उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते, की निरपराध लेकराला मारलंत, आता ध्यानीमनी नसताना तुमच्यावर भय येईल.

म्हणजे बघा, पिल्लाला हाकलण्यापासून निघालेली ही कथा कुत्र्याला मागे टाकून स्वर्गात जायला नकार देणाऱ्या राजापाशी येऊन पोचते. मधे केवढा पल्ला! आमच्या घराने आपल्यापुरता हा पल्ला गाठला, पण त्याला पासष्ट वर्षं लागली. त्याविषयीच आज लिहायचं आहे.

जुलै २०२३. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी रात्री एक खोकं ठेवून गेलं. त्यात चार पिल्लं होती. सकाळपर्यंत तीन गेली होती. चौथं नातीने फ्रॉकच्या ओच्यात घालून घरी आणलं. तपकिरी रंगाचं, पोट फुगलेलं, थरथर कापणारं. तिने लगेच नावही ठेवलं, 'बिस्किट'. सूनबाईंना कौतुक, चिरंजीवांना ऑफिसची घाई. आमचे हे मात्र व्हरांड्यात उभे राहून एवढंच म्हणाले, "फाटकाच्या आत नको."

ह्यांचा शब्द सहसा कोणी मोडत नाही, पण पावसात पिल्लू बाहेर तरी कसं ठेवणार? मग तह झाला. पाऊस ओसरेपर्यंत पोर्चमध्ये पोत्यावर झोपेल, घरात पाऊल टाकणार नाही, स्वयंपाकघराचं तर नावच नको, आणि चांगलं घर मिळालं की द्यायचं. नातीने सगळ्या अटी मान्य केल्या. रात्री मला हळूच विचारलं, "आजी, आजोबांना कुत्रे आवडत नाहीत का गं?"

आता हिला काय सांगू? प्रश्न आवडीनिवडीचा नव्हताच. आपल्याकडे कुत्रा आणि घर यांच्यामध्ये एक उंबरा होता, आणि तो फार जुना होता.

तसा कुत्रा आपल्या माणसांबरोबर अगदी पूर्वीपासून आहे. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला (श्रीरामपूर तालुका, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा) एका शेतकऱ्याला जमिनीत काशाच्या वस्तू सापडल्या. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात असं बरेच अभ्यासक मानतात. त्यात दोन बैलांचा एक रथ आहे. रथात माणूस उभा आहे, आणि मधल्या दांडीवर कोण उभं असावं? एक छोटासा कुत्रा! बैलगाडीबरोबर चाललेला कुत्रा पाहिला, की मला तो दायमाबादचा रथ आठवतो. धनगरांचा वाडा आजही कुत्र्याशिवाय हलत नाही.

देवांनीही त्याला दूर ठेवलेलं नाही. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात, त्यांना आपण चार वेद म्हणतो. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा असतो, आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात. नामदेव महाराजांची गोष्ट तर सगळ्यांना पाठ. कुत्र्याने भाकरी पळवली, तर हे तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून.

रायगडावर सहल नेली की मुलं 'वाघ्या'च्या समाधीपाशी थांबायची आणि "बाई, हे खरं आहे का?" असं विचारायची. मी सांगायची, की शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याचा उल्लेख त्या काळच्या साधनांत मिळत नाही, आणि हा पुतळा विसाव्या शतकातला आहे. त्यावरून पुढे वादही झाले. २०१२ मध्ये तो हटवून पुन्हा बसवला गेला, २०२५ मध्ये पुन्हा मागणी उठली. इतिहास म्हणून पुरावा नसला, तरी लोकांना ही गोष्ट हवीशी वाटली, याचीही नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने घ्यावी.

पण देवापाशी मान असला, तरी घरात त्याची जागा ठरलेली होती. वैश्वदेवात गाय, कावळा, कुत्रा यांचा वाटा काढायचा. मनुस्मृतीतही कुत्र्यांसाठी अन्न भुईवर ठेवावं असं सांगितलं आहे. भुईवर, बाहेर! माझ्या माहेरी आळीत एक काळू होता. कुणा एकाचा नव्हे, साऱ्या आळीचा. आजी रोज शेवटची भाकरी त्याच्यासाठी थापायची आणि ओट्याच्या खाली नेऊन ठेवायची. तो रात्रभर राखण करायचा. पण उंबऱ्याच्या आत त्याचं नाक जरी आलं, तरी तीच आजी लाकूड उगारायची. काळूलाही ते ठाऊक होतं. भाकरी आमची, राखण त्याची, आणि मधे उंबरा, असा हा न लिहिलेला करार होता.

लोक म्हणतात, हे सगळं सोवळ्याओवळ्यामुळे. ते होतंच, नाही म्हणत नाही. पण सोवळं सुटून दोन पिढ्या झाल्या तरी हा उंबरा शिल्लक राहिला, कारण त्याच्याखाली आणखी एक गोष्ट पुरलेली होती. भीती.

ह्यांना एक धाकटा भाऊ होता. हे आमच्या घरात फार बोललं जात नसे, मला स्वतःला लग्नानंतर चार वर्षांनी सासूबाईंकडून कळलं. १९५८ साली, नऊ वर्षांचा असताना, त्याला शेतावर एक अनोळखी कुत्रं चावलं. पायाला छोटीशी जखम होती. घरच्या मोठ्यांनी जखमेत तिखट भरलं, तेव्हा सगळीकडे हेच करत. जिल्ह्याच्या गावी पोटात चौदा इंजेक्शनं देतात, हे ठाऊक होतं. पण ती इंजेक्शनं म्हणजे यमयातना, आणि जखम तर भरत आली होती. पोर खेळायलाही लागलं. दीड महिन्याने त्याला ताप आला, आणि पाणी पुढे केलं की घसा आवळायला लागला. पुढचं लिहीत नाही. पाण्याचा तांब्या घेऊन आत जायचं काम अकरा वर्षांच्या मोठ्या भावाकडे होतं, एवढंच सांगते.

पिसाळलेल्या कुत्र्याचं भय म्हणजे नेमकं काय, हे आजच्या मुलांना सांगूनही कळणार नाही. एकदा लक्षणं दिसली की माणूस हातचा जातो, आणि हे आजही तसंच आहे. फरक एवढाच, की चावल्यानंतर लक्षणं दिसेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात काही करता येतं हे माणसाला फार उशिरा कळलं. तोवर उपाय एकच, काठी.

मुंबईत इंग्रजांनी हाच उपाय केला. १८१३ पासून वर्षातल्या ठरावीक दिवसांत बेवारस कुत्री मारायची परवानगी होती. १८३२ च्या उन्हाळ्यात ती मुदत वाढवली, आणि मारलेल्या कुत्र्यामागे पैसे मिळत असल्याने शिपाई पाळलेल्या कुत्र्यांनाही हात घालू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धर्माचं स्थान आहे. माणूस गेला की त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पाडायचा 'सगदीद' नावाचा विधी असतो. ६ जून १८३२ हा त्यांचा पवित्र दिवस. त्या दिवशीही कुत्री मारणं सुरू राहिलं, आणि फोर्टात शिपायांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन, मुसलमानही होते. लष्कराकडे जाणारी रसद अडवली गेली, शेवटी फौज बोलवावी लागली. कुत्र्यांसाठी झालेली ही मुंबईची पहिली दंगल! पुढे शहरातल्या प्रतिष्ठितांनी सरकारला विनंती केली, की कुत्री मारू नका, शहराबाहेर नेऊन ठेवा. जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये मुंबईची पांजरापोळ उभी राहिली, ती या सगळ्यातूनच.

मला यात दोन्ही बाजू दिसतात. पांजरापोळ काढणाऱ्यांची भूतदया खरी होती. आणि पिसाळलेल्या कुत्र्याची भीतीही खोटी नव्हती. मारणाऱ्याकडे औषध नव्हतं, वाचवणाऱ्याकडेही नव्हतं. औषध नसलं की दया आणि भीती एकमेकींच्या वैरिणी होतात.

औषध आलं ते फ्रान्समधून. ६ जुलै १८८५ या दिवशी लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या मुलाला पहिली लस टोचवली. पुढच्या काही दिवसांत एकूण तेरा टोचण्या झाल्या, आणि तो मुलगा वाचला. त्याचं वय नऊ वर्षं. वर्गात हा धडा शिकवताना 'नऊ' या आकड्यापाशी माझा आवाज अडायचा. मुलांना कारण माहीत नसे.

आपल्या देशात कसौलीला १९०० साली पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली, कुन्नूरला १९०७ मध्ये. कसौलीलाच डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये आपली लस तयार केली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा आणि कार्बोलिक आम्लाने निकामी करायचा, अशी ती पद्धत. स्वस्त होती, इथे बनत होती, तिने असंख्य माणसं वाचवली. पण रोज एक याप्रमाणे चौदा दिवस पोटात सुई, आणि क्वचित कुणाला त्या लसीनेच लुळेपणा यायचा. म्हणून लोक टाळत, पुढे ढकलत, तिखट भरत. ही मेंढीच्या मेंदूची लस आपल्या देशात बंद झाली ती डिसेंबर २००४ मध्ये! म्हणजे मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर असेपर्यंत 'कुत्रं चावलं तर पोटात चौदा' हे मुलांना घाबरवण्याचं वाक्य नव्हतं, ती वस्तुस्थिती होती. आता प्रयोगशाळेत पेशींवर वाढवलेली लस दंडात देतात.

हे सगळं तारखांसकट सांगायचं कारण आता येतं.

बिस्किट आल्याला तीन आठवडे झाले होते. चांगलं घर काही मिळत नव्हतं. (नात ते शोधतही नव्हती, हे वेगळं सांगायला नको.) जंताचं औषध देऊन झालं होतं, पण रेबीजची लस डॉक्टर तीन महिन्यांची झाल्यावर देणार होते, आणि पिल्लू जेमतेम अडीच महिन्यांचं. एका संध्याकाळी खेळता खेळता त्याचा सुईसारखा दात नातीच्या तळहाताला लागला. रक्ताचा एक थेंब आला. ती हसतच आत आली, "आजी, बघ ना!" आणि माझ्या आधी ह्यांनी पाहिलं.

ह्यांचा चेहरा मी पन्नास वर्षं बघते आहे. तसा कधीच पाहिला नव्हता. एक शब्द न बोलता ह्यांनी तिचा हात धरला, मोरीत नेला, आणि नळाखाली साबण लावून धुवायला लागले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ती म्हणाली, "आजोबा, पुरे ना, दुखत नाहीये." हे थांबेनात. धुणं बरोबरच होतं म्हणा. वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटं धुवावं असंच डॉक्टर सांगतात. पण ह्यांचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं.

त्याच रात्री सरकारी दवाखान्यात गेलो. जखमेभोवती सीरम आणि दोन्ही दंडांत लस. पुढच्या तारखा लिहून दिल्या, सगळ्या मिळून चार खेपा. ह्यांनी त्या तरुण डॉक्टरीणबाईंना विचारलं, "पोटात नाही?" तिला प्रश्नच कळेना. मग एकदम म्हणाली, "हां, ते पूर्वी! आम्ही फक्त पुस्तकात वाचलंय आजोबा." हे काही बोलले नाहीत. खुर्चीवर बसून राहिले.

घरी येताना रिक्षात सगळे गप्प. आता पिल्लाची रवानगी होणार, हे नातीसकट सगळ्यांनी धरलं होतं. जेवणं झाल्यावर ह्यांनी तिला जवळ घेतलं आणि धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच, पूर्ण. तांब्यासकट. चिरंजीवांना तर आपल्याला असा एक काका होता हेच धड ठाऊक नव्हतं. पोर रडायला लागली. म्हणाली, "मग बिस्किटला सोडून या आजोबा. मी नाही हट्ट करणार."

ह्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "सोडलं तर त्याला लस कोण देणार?"

एवढंच. मग उठून भिंतीवरच्या कालनिर्णयावर नातीच्या तारखा निळ्या पेनने मांडल्या, आणि खाली पिल्लाच्या लसीची तारीख लाल पेनने. पिल्लू पुढे ठणठणीत राहिलं, नातीच्या खेपाही वेळेवर झाल्या. आता ते स्वयंपाकघराच्या दारात पसरलेलं असतं आणि ह्यांना ओलांडून जावं लागतं. हे त्याला बिस्किट म्हणत नाहीत. "खायच्या वस्तूचं नाव कुत्र्याला कसलं?" म्हणून 'मोत्या' म्हणतात. ते दोन्ही नावांना येतं.

ह्यांच्या त्या एका वाक्यावर मी तेव्हापासून खूप विचार केला. आपल्या पूर्वजांनी कुत्र्याला भाकरी दिली, पण जबाबदारी घेतली नाही. घेणार तरी कशी? त्यांच्या हातात काहीच नव्हतं. चावरं निघालं तर मारायचं, नाहीतर भाकरी घालायची. आपल्या हातात आज लस आहे. २००१ च्या नियमांनी भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण हा मार्ग घालून दिला, २०२३ मध्ये त्या जागी नवे नियम आले. एखाद्या भागातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते, असं तज्ज्ञ सांगतात. शेजारच्या गोव्यात गावोगाव जाळी घेऊन फिरत कुत्र्यांना लस टोचण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं, आणि २०२१ मध्ये तिथल्या मुख्यमंत्र्यांनी राज्य रेबीजमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांवरून केवढं रान उठलं होतं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, २२ ऑगस्टला तो आदेश बदलून, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची कुत्री निर्बीजीकरण आणि लसीनंतर पुन्हा आपापल्या जागी सोडावीत, असं सांगितलं. आमच्या नातलगांत लगेच दोन पक्ष पडले, आणि फोनवर एकमेकांना निष्ठुर आणि अंधळे म्हणू लागले. मला तर १८३२ ची मुंबईच आठवली. फक्त तेव्हा दोघांकडेही औषध नव्हतं. आज ते तालुक्याच्या गावी मिळतं.

म्हणून माझं सांगणं दोन्ही पक्षांना एकच. ज्यांना भीती वाटते त्यांना हसू नका, त्या भीतीमागे कुणाच्या घरातला नऊ वर्षांचा मुलगा असेल, आपल्याला ठाऊक नसतं. आणि फाटकाबाहेर रोज पोळी ठेवणाऱ्यांनो, तुमचं काम चांगलं आहे, चार हजार वर्षांचं आहे, ते सोडू नका. पण ज्याला पोळी घालता, त्याला वर्षातून एकदा लस मिळते की नाही, एवढं पाहा. नगरपालिकेत विचारा, चार घरं मिळून डॉक्टरांना बोलवा. कुणाला चावलंच, तर तिखट-चुना काही भरू नका, साबणाने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाकी पिल्लू घरात घ्यायचं की ओट्याखाली ठेवायचं, ते ज्याच्या त्याच्या घराने ठरवावं. उंबरा प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि तो ओलांडायला कुणाला तीन आठवडे लागतात, कुणाला पासष्ट वर्षं.